बांध आणि गाव : नवेगावबांधची तीनशे वर्षे

नवेगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. जंगल तोडून किंवा जुनी वस्ती हलवून जिथे जिथे नवी घरे उभी राहिली, तिथे हे नाव पडले. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले नवेगाव या सगळ्यांतून वेगळे काढायचे, तर लोक त्यामागे 'बांध' जोडतात. पूर्व विदर्भात अशी जोडनावे आणखीही आहेत. सिरेगावबांध, शिवनीबांध ही त्यांतली ठळक. या नावांकडे आपण पत्त्याची खूण म्हणून पाहतो. खरे तर त्यांत एक इतिहास दडलेला आहे. 'नवेगावतळे' असे नाव पडले नाही, 'नवेगावबांध' पडले. लोकांनी पाण्याला नाव दिले नाही, पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीला दिले.

तळ्याकाठचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी तळे येते, मग काठावर येऊन राहिलेली माणसे. लोणारच्या बाबतीत ते खरे आहे. तिथले विवर उल्केच्या आघाताने झाले, माणूस नंतर आला. नवेगावबांधला क्रम उलटा आहे. इथे माणसे आली, त्यांनी टेकड्यांमधल्या वाटा मातीने बुजवल्या आणि मग तलाव झाला. आज सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेले ते पाणी पाहून पर्यटक त्याला निसर्गाचे देणे म्हणतो. ते देणे निसर्गाचे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे माणसांनी घातले आहे आणि दरवर्षी पुन्हा घालावे लागते. हे पुन्हा घालणे कोणी करायचे, कशाच्या मोबदल्यात, आणि करणारा उरला नाही तर काय होते, हे तीन प्रश्न नवेगावच्या इतिहासाच्या मुळाशी आहेत.

पाऊस भरपूर, पण वेळेचा बेभरवसा

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाग म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला भाताचा आणि जंगलाचा मुलूख. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला, म्हणून जुन्या कागदांत नवेगाव शोधायचे तर भंडाऱ्याच्या नावाखाली शोधावे लागते. इथे वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. एवढा पाऊस असताना तलाव कशाला, असेही कोणी विचारील.

उत्तर भाताच्या स्वभावात आहे. जून-जुलैत पऱ्हे तयार होतात, मग बांधीत चिखल करून रोवणी होते. इथपर्यंत पाऊस सहसा साथ देतो. खरा घात पुढे होतो. भारी धान पोटरीला येतो आणि लोंबी टाकतो तो काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. नेमक्या त्या दिवसांत पाऊस पाठ फिरवतो. दोन-तीन आठवडे बांधी कोरडी राहिली की दाणा भरत नाही, लोंबी पोचट निघते. म्हणजे इथला शेतकरी पाण्याच्या दुष्काळाने मरत नाही, तो एका किंवा दोन पाण्यांनी मरतो. ती एक-दोन पाणी हाताशी ठेवण्यासाठीच झाडीपट्टीत तलाव बांधले गेले.

जमिनीचा उतारही त्याला अनुकूल होता. हा मुलूख सपाट नाही आणि डोंगराळही नाही. बुटक्या टेकड्या, त्यांच्या मधून वाहणारे ओढे आणि पायथ्याला पसरट जमीन. कन्हार, मोरंड, सिहार, बरडी असे मातीचे प्रकार इथल्या कुणब्या-कोहळ्यांच्या तोंडी असत आणि तेच पुढे इंग्रजांच्या जमाबंदीच्या कागदांत उतरले. त्यांतली सिहार ही पिवळसर, वाळूमिश्रित माती. ती पाणी फार काळ धरत नाही, पण वेळेवर पाणी मिळाले तर भात उत्तम देते. म्हणजे या मातीची किंमत तिच्या वर बांधलेल्या तलावावर ठरत असे. तलाव नसेल तर ती बेताची जमीन, तलाव असेल तर सोन्याची.

नवेगावला टेकड्यांनी जवळजवळ कडे केले आहे. स्थानिक लोक त्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. कड्यातल्या मोकळ्या जागा बंद केल्या की आतल्या खोलगट भागात सगळ्या उतारांचे पाणी साठणार, हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने सर्वांत कमी मातीत सर्वांत जास्त पाणी अडवले. जुन्या गॅझेटियरांत या तलावाचा घेर सतरा मैल सांगितला आहे. मधोमध मालडोंगरी नावाचे बेट आहे. नावच सांगते की ती एक डोंगरी होती. पाणी चढले आणि डोंगरीचे बेट झाले.

कोहळी : काशीहून चांद्याला

ही जागा ओळखणारा माणूस म्हणून कोलू पाटील कोहळी याचे नाव परंपरेने आणि गॅझेटियराने एकमुखाने दिले आहे. काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाने 'कोहळी' हा शब्द 'कोळी' असा वाचू नये. कोळी मासेमारी करणारे. कोहळी ही शेतकरी जात, वस्ती मुख्यतः भंडारा-गोंदिया आणि चंद्रपूरच्या भागात, आणि ख्याती दोन गोष्टींसाठी : तलाव बांधणे आणि ऊस पिकवणे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. ऊस बारमाही पाणी मागतो. तलावाखाली ऊस लावायचा तर तलाव उन्हाळ्यापर्यंत पुरला पाहिजे, म्हणजे तो खोल आणि पाळ पक्की असली पाहिजे. ज्या जातीने गुळासाठी तलाव बांधले, तिचे तलाव भातासाठी आपोआपच पुरेसे ठरले.

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोहळ्यांची परंपरा नोंदली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे या लोकांचे तलाव बांधण्याचे कसब त्याने पाहिले आणि त्यांना आपल्या राज्यात घेऊन आला. अशा मूळकथा जवळजवळ प्रत्येक जातीला असतात आणि त्यांतली काशी बहुधा प्रतिष्ठेची काशी असते. पण कथेचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. राजाने या लोकांना सैनिक म्हणून आणले नाही, पुरोहित म्हणूनही नाही. पाणी अडवता येते म्हणून आणले.

गोंड राज्यांचे धोरण या कथेशी जुळते. चांद्याच्या परंपरेत हीरशहा राजाचे नाव घेतले जाते : जंगल साफ करील त्याला जमिनीची सनद, आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. आज चंद्रपूर शहरातली एक वस्ती तेच नाव चालवते. तिथे राहणाऱ्या किती जणांना या शब्दाचा पाण्याशी असलेला संबंध माहीत असेल? देवगडच्या गोंड राज्यातही बख्त बुलंद याने बाहेरचे शेतकरी आणि कारागीर आणून वसवले. नागपूरची स्थापना त्याचीच. कोलू पाटलाचा तलाव हा या काळाचा आहे. राज्यकर्त्याकडे जंगल आणि जमीन अमाप होती, कसणारे हात कमी होते. तलाव बांधणारा दोन्हींची सांगड घालत होता.

या व्यवहाराची रचना फार शहाणी होती. राजाने तलावासाठी तिजोरीतून पैसा दिला नाही. बांधणाऱ्याने स्वतःची माणसे, बैल आणि धान्य घातले. त्याचा मोबदला पाण्यातूनच येणार होता. जेवढे पाणी पोचेल तेवढी जमीन, म्हणून तलाव मोठा आणि टिकाऊ करण्यात त्याचा स्वतःचा फायदा. पाळ फुटली तर सनद राहील, पण जमीन कोरडी पडेल. देखभालीचे कलम वेगळे लिहायची गरजच पडली नाही. ते मोबदल्यातच बसवलेले होते.

पाळ, तुडुम, सांडवा

झाडीपट्टीतला तलाव दिसायला साधा असतो. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडुम आणि जास्तीचे पाणी काढून द्यायला सांडवा. दगडी चिरेबंदी काम फारसे नसते. कोकणातली किंवा देवगिरीच्या यादवांच्या मुलखातली बारव पाहिलेल्या माणसाला यात स्थापत्य म्हणण्यासारखे काही दिसणार नाही. म्हणूनच बहुधा आपल्या इतिहासलेखनाने या तलावांकडे फार काळ पाहिले नाही. शिलालेख नाही, शिल्प नाही, आश्रयदात्याचे नाव कोरलेले नाही.

पण ही साधी रचना पाळणे सोपे नाही. पाळ मातीची, म्हणून दर पावसाळ्यात तिची थोडी माती वाहून जाते आणि दर उन्हाळ्यात तेवढी घालावी लागते. पाळीच्या आतल्या अंगाला असलेल्या तुडुमात एकाखाली एक भोके असतात, त्यांना बुचे असतात. पाणी जसजसे उतरते तसतसे खालचे बूच काढायचे. पाणी कोणत्या दिवशी सोडायचे, आधी कोणाच्या बांधीत, शेवटी कोणाच्या, हे तुडुमावर उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असले पाहिजे आणि गावाने त्याचे ऐकले पाहिजे. सांड्यातून निघालेले पाणीही वाया जात नाही. ते खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या बोडीत उतरते. बोडी म्हणजे एखाद्याच्या शेतापुरता लहान तलाव. अशा माळेत वरचा तलाव फुटला तर खालचे सगळे धोक्यात येतात. म्हणजे एका गावाची निष्काळजी दुसऱ्या गावाला भोवते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी संदर्भग्रंथांत भंडारा जिल्ह्यातल्या लहानमोठ्या तलावांची संख्या ३,६४८ दिली आहे आणि या जिल्ह्याला नागपूरचा तलावांचा मुलूख म्हटले आहे. नवेगाव, शिवनी, सिरेगाव हे त्यांतले मोठे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर मध्य प्रांताच्या सरकारने सिंचनाकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत घोडाझरी, आसोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा असे सरकारी तलाव झाले. त्यांच्या अभियंत्यांकडे मोजणीची यंत्रे आणि दगडी बांधकामाचा खर्च होता. पण टेकड्यांमधली वाट बुजवून भातापुरते पाणी धरायचे हे सूत्र त्यांनी या मुलखातच पाहिले होते. दोनशे वर्षांपूर्वी कोहळ्यांनी ते मातीत लिहून ठेवले होते.

माणसाचा देव

कोलू पाटील आज नवेगावात माणूस म्हणून नाही, देव म्हणून आहे. तलावाभोवतीच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे आणि नाव आहे कोलासुर. सात बहिणींनी त्याला बांध घालायला मदत केली, असे लोक सांगतात.

या कथेत महाराष्ट्राच्या लोकधर्माचे दोन धागे गुंफलेले दिसतात. सात बहिणी आपल्याला अपरिचित नाहीत. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड आपण सर्वत्र पाहतो. त्या साती आसरा. पाण्यात वावरणाऱ्या, प्रसन्न झाल्या तर राखणाऱ्या, रुसल्या तर माणूस ओढून नेणाऱ्या. नवेगावात त्या डोहातून वर येऊन टेकड्यांच्या शिखरांवर बसल्या आहेत. ते भूगोलाला धरूनच आहे. या तलावाच्या भिंती म्हणजे त्या टेकड्या. माणसाने फक्त मधल्या फटी भरल्या. 'सात बहिणींनी मदत केली' हे वाक्य त्या जागेच्या रचनेचे अचूक वर्णन आहे.

दुसरा धागा नावातल्या 'असुरा'चा. मराठी वाचकाला चटकन करवीरमाहात्म्यातला कोल्हासुर आठवेल, ज्याला महालक्ष्मीने मारले. नवेगावचा कोलासुर त्याच्या अगदी उलट आहे. तो देवींकडून मारला गेलेला नाही, देवींच्या मदतीने कामाला लागलेला आहे. असुर म्हणजे अफाट बळाचा, एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम करणारा. एवढी माती एका पाटलाने कशी टाकली असेल या आश्चर्याला लोकांनी दिलेले ते उत्तर आहे.

मात्र या देवत्वाने एक गोष्ट झाकली गेली. माती एकट्या कोलूने टाकली नाही. टोपल्या वाहणारे, माती चोपणारे, बैल हाकणारे शेकडो हात त्यात होते. गोंड होते, ढिवर होते, गावगाड्यातल्या कष्टकरी जाती होत्या. त्यांतल्या कोणाचेही ठाणे टेकडीवर नाही. देव झालेला माणूस हा नेहमी पाटील असतो, टोपली वाहणारी बाई नसते. तलावाच्या इतिहासात ही बाईही लिहिली गेली पाहिजे.

पाळीखालचे आणि पाण्यावरचे गाव

तलावाकाठी एक गाव राहत नाही, दोन राहतात. एक पाळीखालचे. ते धानाचे गाव. त्याचे वर्ष रोवणीने सुरू होते, कापणी-मळणीने सरते. उभ्या धानातच ओल धरून लाखोळी फेकायची, धान कापला की तिचे पीक घ्यायचे, ही या भागाची जुनी युक्ती. पाणी उतरत जाते तशी तलावाच्या पोटातली मोकळी झालेली जमीनही कसली जाते, तिला गाळपेर म्हणतात. एकच पाणी चढताना मासे देते, थांबताना धान देते आणि उतरताना जमीन देते.

दुसरे गाव पाण्यावरचे. ते ढिवरांचे. धानाच्या गावाला पाणी खाली हवे असते, ढिवरांना वर. शेतकरी म्हणतो सोडा, ढिवर म्हणतो राखा. पाणी पार आटले तर मासळीचे बीज संपते. या दोन गावांमधला तोल हाच तलावाचा खरा कायदा होता. ढिवर केवळ मासे धरत नाहीत. शिंगाडा लावतात, कमळाचे कंद काढतात. मरळ, मागूर, शिंगी यांसारख्या देशी मासळीची घरे कुठल्या पाणवनस्पतीत असतात हे त्यांना माहीत असते. काठाच्या उथळ पाण्यात उगवणारे रानटी भात, ज्याला इथे देवधान म्हणतात, ते कोणी पेरत नाही. माणसांआधी पाखरे त्यावर उतरतात.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात, पुढे शंकरपट रंगतात. झाडीपट्टीची रंगभूमी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की हा सगळा उत्सव धान घरात आल्यावरचा आहे, आणि धान घरात येतो तो ऑक्टोबरात मिळालेल्या त्या एका पाण्यामुळे. ज्या वर्षी ते पाणी चुकते, त्या वर्षी मंडईची दुकाने तीच असतात, गिऱ्हाईक कमी असते.

गाव 'नवे' राहण्याची रीतही संपलेली नाही. कोहळी परंपरेने काशीकडचे म्हणवतात. सत्तरच्या दशकात तिबेटी निर्वासितांची वसाहत गोठणगावजवळ, म्हणजे याच तालुक्यात झाली. जंगल आणि पाणी असलेला हा मुलूख तीन शतके बाहेरच्यांना सामावून घेत आला आहे.

मालगुजार गेला, तलाव 'मामा' झाला

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत गावाचा सारा भरणाऱ्या पाटलाला मालगुजार म्हणून मालकी हक्क मिळाले. तलाव आता मालगुजाराच्या मालमत्तेत आला.

मालगुजारी हा सुवर्णकाळ नव्हता. तलावाखालची उत्तम जमीन मालगुजाराच्या स्वतःच्या शेतीत असे. पाळीवर माती टाकायला येणाऱ्या कुळाचे काम सहकार्य कुठे संपते आणि बेगार कुठे सुरू होते, ही रेघ फार पुसट होती. तरीही एक गोष्ट टिकून होती. पाळ फुटली तर सर्वांत आधी मालगुजाराचे धान जाई, म्हणून तो दुरुस्ती टाळू शकत नव्हता. तुकूमच्या सनदेतले जुने तत्त्व विकृत रूपात का होईना, जिवंत होते.

१९५० च्या मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून गावाचे पडीक, जंगल आणि तलाव राज्याकडे आले. कुळाच्या दृष्टीने ही मोठी मुक्ती होती, तिचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण तलावाच्या दृष्टीने मालक गेला आणि जबाबदारीचा वारस कोण, हे ठरले नाही. विदर्भ पुढे मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले, शंभर हेक्टरपर्यंत ओलिताचे जिल्हा परिषदेकडे. कागदांत त्यांचे नाव पडले 'माजी मालगुजारी तलाव', आणि त्याची आद्याक्षरे घेऊन लोक म्हणू लागले 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत.

हे नाव गमतीचे आहे आणि बोलकेही. 'माजी' हे विशेषण मालगुजाराला लागायला हवे होते, ते चिकटले तलावाला. तलाव माजी झालेला नाही. तो आजही भरतो, आजही भिजवतो.

दुसरी अडचण हक्कांची. जुन्या मध्य प्रांतात गावाचे रूढ हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तात लिहिलेले असत : जळण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, पाणी कोणाला, मासे कोणाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने १९६६ मध्ये ही दोन्ही ठेवली, कलम १६१ आणि १६५. पण कलम १६५ नीट वाचावे. ओलिताचे आणि मासेमारीचे रूढ हक्क नोंदवायचे ते शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या अथवा ताब्यातल्या नसलेल्या जमिनीतले आणि पाण्यातले. आणि १९५१ नंतर बहुतेक तलाव शासनाचे झाले आहेत. म्हणजे रूढ हक्क नोंदवण्याची जागा कायद्यात आहे आणि ते हक्क जिथे सर्वाधिक आहेत, ते पाणी त्या जागेच्या बाहेर आहे.

एक पाणी, पाच खाती

सत्तरच्या दशकात नवेगाव महाराष्ट्राला वेगळ्या कारणाने माहीत झाले. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली इथे राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाने हे नाव मराठी घरांत पोचवले. त्यांनी ज्यांना गुरुस्थानी मानले, ते माधवराव पाटील डोंगरवार याच गावचे. पक्ष्यांची, झाडांची, पाण्यातल्या वनस्पतींची स्थानिक नावे ढिवर आणि गोंड यांच्या तोंडून मराठी ललित गद्यात आली, ती या तळ्याकाठून. हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारी बदके आणि कादंब, जोडीने फिरणारा सारस यांना मराठी वाचक इथेच भेटला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती.

या प्रसिद्धीने एक झाले. तलाव पाखरांचा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि धानाचा म्हणून विसरला गेला. पण बदके जिथे उतरतात ते उथळ पाणी आणि देवधानाचा पट्टा माणसाने बांध घातला म्हणूनच आहे. सारस धानाच्या बांधीत वावरतो, आणि बांधी तलावाखाली आहे. इथला निसर्ग शेतीपासून वेगळा काढता येत नाही.

आज झाडीपट्टीतल्या एखाद्या मोठ्या तलावाकडे पाहिले तर दिसते की त्याचे पाणी पाटबंधारे खात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या ठेक्याने सहकारी संस्थेचे, पोटातली जमीन महसूलची, टेकड्या वन खात्याच्या आणि काठावरची बोट पर्यटनाची. पाचही खाती आपापले काम करतात. मात्र पाचांपैकी कोणाचेही धान पाळीखाली नाही. गाळ साचतो, पाळीवर आणि काठावर बेशरम माजते, उत्पन्न वाढावे म्हणून सोडलेला गवत्या मासा पाणवनस्पती खाऊन टाकतो आणि त्यांबरोबर देशी मासळीचे घर जाते. 'जलयुक्त शिवार', 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनांतून गेल्या दशकात काही तलावांतला गाळ निघाला, ते चांगलेच झाले. पण गाळ काढणे ही एकदाची घटना आहे आणि पाळ राखणे हे दरवर्षीचे काम. योजनेला मुदत असते, पाळीला नसते.

याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना, विशेषतः ढिवर स्त्रियांना, बरोबर घेऊन काही तलावांत वेगळे काम केले आहे. बेशरम उपटायची, आधी कोणत्या वनस्पती होत्या ते जुन्या माणसांना विचारायचे, त्या पुन्हा लावायच्या, देशी मासळी परतते का ते मोजायचे. यात अवघड तंत्र काही नाही. यात तुकूमचे जुने तत्त्व परत आले आहे, आणि या वेळी पाटलाच्या हातून नव्हे. ज्याचे पोट पाण्यावर, त्याच्या हाती पाण्याची राखण. टेकडीवरच्या ठाण्यात जिला जागा मिळाली नाही, ती टोपलीवाली बाई तीनशे वर्षांनी तलावाच्या निर्णयात आली आहे.

नवेगावच्या इतिहासातून एक साधी गोष्ट हाती लागते. या मुलखात तलाव टिकले ते बांधणाऱ्याच्या पुण्याईवर नाही. राखणाऱ्याला राखण्यात वाटा होता म्हणून टिकले. राजाने तो जमिनीच्या रूपात दिला, मालगुजाराने तो हडपला पण राखणही केली, आणि राज्याने मालकी घेतली, वाटा कोणालाच दिला नाही. तो वाटा कसा द्यायचा, हे ठरवण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही. प्रत्येक गावाची जुनी निस्तार पत्रके आणि वाजिब-उल-अर्ज महसुली अभिलेखांत शोधावीत, ती मराठीत उतरवून ग्रामसभेत वाचावीत. कोणाचे पाणी, कोणाचे मासे आणि माती टाकायची पाळी कोणाची, हे तिथे लिहिलेले असेल. कोलासुराच्या टेकडीवर नारळ फोडायला लोक आजही जातात. त्याच्या बांधावर दर उन्हाळ्यात माती कोणी टाकायची, याचे उत्तर मात्र टेकडीवर मिळणार नाही.